गळ्यातला ताईत: 'हेसेद' आणि 'एमेत' या दोन शब्दांची गोष्ट

हेडफोन लावलेत? छान. आजचा भाग फक्त एका वाक्यावर आहे. हो, पूर्ण भाग, एकच वाक्य. वाटेत एक वेढा पडेल, एक खोटं बोललं जाईल, दोन-तीन अंत्यसंस्कार होतील आणि शेवटी आपण रायगड जिल्ह्यातून दौंडकडे जाऊ. पण सुरुवात वाक्यापासून.

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचं पुस्तक आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात, तिसऱ्याच ओळीत, एक बाप आपल्या मुलाला काहीतरी सांगतोय. माझ्या शब्दांत सांगते. बाळा, दया आणि खरेपणा यांची साथ सुटू देऊ नकोस. दोन्ही गळ्यात बांधून ठेव आणि काळजाच्या पाटीवर लिहून ठेव.

ऐकलं की वाटतं, बरं, सुविचार आहे. सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फोटोवर येतो तसला. पण जरा थांबा. दया आणि खरेपणा एकत्र ठेवायला सांगणं सोपं, रोज जमवायचं कसं? मैत्रिणीने हौसेने केस कापलेत आणि ते अजिबात बरे दिसत नाहीयेत. आजोबांचा रिपोर्ट आलाय आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगायचं की नाही यावरून घरात कुजबुज चाललीय. खरं बोलावं तर दया राहत नाही, दया करावी तर खरं राहत नाही. आपला सगळ्यांचा अनुभव असा की या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. आणि हा बाप मात्र दोन्ही एकाच दोऱ्यात ओवून गळ्यात बांध म्हणतोय!

गोम अशी आहे की हे वाक्य मूळ हिब्रू भाषेतलं आहे, आणि तिथे आपल्याला माहीत असलेले 'दया' आणि 'सत्य' हे शब्द नाहीत. तिथे आहेत 'हेसेद' आणि 'एमेत'. आजची गोष्ट या दोघांची आहे.

आधी ते 'गळ्यात बांध' बघू, कारण त्याला जमिनीतून निघालेला पुरावा आहे.

साल १९७९. जेरुसलेम. शहराच्या जुन्या तटाबाहेर, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, केतेफ हिन्नोम नावाच्या उतारावर गॅब्रिएल बारकाय हे पुरातत्त्वज्ञ खडकात कोरलेल्या जुन्या थडग्यांचं उत्खनन करत होते. पैसा कमी, म्हणून हाताखाली बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं. त्यातला एक पोरगा सारखा मागे लागायचा, हे काय, ते काय. बारकायनी त्याला एका कोपऱ्यातली खोबण साफ करायला बसवलं, म्हणजे तेवढीच शांतता. थोड्या वेळाने पोरगा परत हजर! खोबणीचा तळ त्याने हातोडीने ठोकून फोडला होता. आणि तो तळ नव्हताच. ते वरून कोसळलेलं छत होतं. त्याच्याखाली अडीच हजार वर्षं कुणाचाही हात न लागलेला साठा होता. हजारावर वस्तू आणि सुमारे ९५ माणसांची हाडं. (त्रास देणाऱ्या मुलांना कोपऱ्यात बसवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी ही गोष्ट जपून ठेवावी.)

त्या साठ्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या. आकार सिगारेटच्या थोटकाएवढा. मधून दोरा ओवता येईल अशी पोकळी. म्हणजे ताईत! त्या उलगडायच्या कशा? पत्रा इतका ठिसूळ झालेला की हात लावला तर चुरा. इस्राएल म्युझियममध्ये या कामाला काही वर्षं गेली. उलगडल्यावर मोठा पत्रा निघाला जेमतेम ९७ मिलिमीटर लांब, आणि त्यावर केसासारख्या बारीक रेषांनी कोरलेली अक्षरं. काळ साधारण इसवी सनपूर्व ६०० च्या आसपासचा. बायबलमध्ये जो मजकूर आहे, त्याच्याशी जुळणारा जगात सापडलेला हा सर्वांत जुना लेख. प्रसिद्ध 'मृत समुद्राच्या गुंडाळ्यां'पेक्षाही काही शतकं जुना.

दोन्हींवर पुरोहितांचा आशीर्वाद आहे, देव तुझं रक्षण करो या अर्थाचा. आणि मोठ्या पत्र्यावर, झिजलेल्या ओळींमध्ये, एक शब्द वाचता येतो. हेसेद.

म्हणजे गळ्यात बांधणं हा नुसता अलंकार नव्हता. त्या काळच्या जेरुसलेममध्ये कुणीतरी हेसेद हा शब्द चांदीवर कोरून, दोऱ्यात ओवून खरोखर अंगावर वागवत होतं. आणि मेल्यावरही तो त्याच्यासोबत गेला. शेजारच्या इजिप्तमध्येही असंच काहीसं होतं. ग्रीक लेखक डिओडोरस सांगतो की तिथला मुख्य न्यायाधीश गळ्यात सोन्याच्या साखळीत रत्नांची एक प्रतिमा घालायचा आणि तिचं नावच 'सत्य' होतं. तेव्हा नीतिसूत्रातला बाप मुलाला म्हणतो की गळ्यात बांध, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असले दागिने, असले ताईत असणार. आपल्याकडेही गळ्यातला ताईत म्हटलं की काय समजायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता शब्द. हेसेद जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येतो, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त एकट्या स्तोत्रसंहितेत. आणि अनुवादकांना त्याने जेवढं रडवलंय तेवढं फार थोड्या शब्दांनी रडवलं असेल. दया म्हणावं, तर दया ही वरून खाली येते. रस्त्यावर कुणी दिसलं, कळवळा आला, दहा रुपये दिले, पुढे गेलो. संपलं. हेसेदमध्ये पुढे जाता येत नाही. १९२७ मध्ये नेल्सन ग्लुक या तरुण अभ्यासकाने या एका शब्दावर अख्खा प्रबंध लिहिला. त्याचं म्हणणं, हेसेद नात्यातून येतो. आईबाप, नवराबायको, पाहुणा आणि यजमान, शब्द दिलेले दोन मित्र, यांनी एकमेकांशी जसं वागायला हवं, तसं वागणं. पन्नासेक वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅथरीन साकेनफेल्ड यांनी त्याला दुरुस्ती सुचवली. त्या म्हणाल्या, बायबलमधले प्रसंग नीट बघा. हेसेद करणारा बहुतेक वेळा जास्त ताकदवान असतो, आणि समोरच्याला त्या क्षणी दुसरा कुणीही नसतो. तो न करता निघून गेला तर कुणी त्याचं काही बिघडवू शकत नाही. तरी तो करतो.

मला स्वतःला साकेनफेल्ड यांचं जास्त पटतं. का, ते थोड्या वेळात एका खिडकीपाशी कळेल.

आणि एमेत? याचा अनुवाद बहुतेक ठिकाणी 'सत्य' होतो. पण शब्दाचं मूळ बघा. आलेफ-मेम-नून, म्हणजे अ-म-न. पक्कं असणं, टिकून राहणं, भार पेलणं. याच मुळातून 'आमेन' आला. म्हणजे पक्कं, तसंच होवो. मोशेची एक गोष्ट आहे. लढाई चालू आहे, मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे, हात दुखून खाली यायला लागतात, मग अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहतात. एमेतचाच भाऊ हा शब्द. हात काय खरं बोलतात का? हात स्थिर राहतात. ढळत नाहीत.

आणि आता गंमत. अरबी ही हिब्रूची बहीण. अरबीतही हेच मूळ आहे, अ-म-न. त्यातून आला 'ईमान'. तो फारसीतून फिरत फिरत मराठीत आला आणि इमान झाला. इमानदार, बेइमान, सगळी त्याचीच पोरं. आपण बँकेत किंवा भाड्याच्या घरासाठी जी 'अनामत' ठेवतो, तीही त्याच घरातली. अरबीत अमानत, मराठीत येताना अक्षरांनी जागा बदलल्या.

म्हणजे एमेतचं चुलत भावंड आपल्या रोजच्या बोलण्यात आहे आणि आपल्याला पत्ता नाही! आणि मराठीत इमान कशाला म्हणतात? कुत्रा इमानी असतो म्हणतो आपण. कुत्रा काही खरं बोलत नाही. तो सोडून जात नाही. एमेत हा त्या अंगाने जाणारा शब्द आहे. मराठीत याच्या जवळचं क्रियापद कुठलं, असं मला विचारलंत तर मी म्हणेन, जागणं. शब्दाला जागणं, खाल्ल्या मिठाला जागणं. सत्य बोललं जातं, एमेतला जागावं लागतं. अर्थात हिब्रूत एमेतचा 'खरं' असाही अर्थ आहेच, साक्षीदाराचं बोलणं एमेत आहे असं म्हणता येतं. पण हेसेद आणि एमेत अशी जोडी जमते, तेव्हा ते दोन वेगळे सद्गुण राहत नाहीत. गरजेच्या वेळी उभं राहायचं आणि मग उभंच राहायचं, असं ते एकच वागणं आहे.

हे पटत नसेल तर चला यरीहोला.

यहोशवाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात गोष्ट येते. इस्राएली लोक यरीहो शहरावर चाल करणार आहेत. दोन हेर पाहणीला आत शिरतात आणि उतरतात राहाब नावाच्या बाईच्या घरी. राहाब वेश्या आहे. तिचं घर शहराच्या तटालाच लागून, खिडकी बाहेरच्या बाजूला उघडणारी. राजाला खबर लागते. शिपाई दारात. माणसं बाहेर काढ! राहाबने तोपर्यंत दोघांना गच्चीवर नेऊन, वाळत घातलेल्या जवसाच्या काड्यांखाली लपवलंय. ती शिपायांना शांतपणे सांगते, आले होते खरे, कुठले ते मला काय ठाऊक, अंधार पडता पडता वेस बंद व्हायच्या आधीच गेले, लवकर पळा, सापडतील. शिपाई पळतात. वेस बंद होते.

धडधडीत खोटं. सरळ थाप.

मग ती गच्चीवर जाते आणि त्या दोघांशी बोलते. आणि इथे ती जोडी येते. ती म्हणते, मी तुमच्याशी हेसेदने वागले, आता तुम्ही माझ्या बापाच्या घराशी हेसेदने वागाल अशी शपथ घ्या, आणि मला 'एमेतची खूण' द्या. खूण म्हणजे खात्री, तारण. आई, बाप, भाऊ, बहिणी, सगळे जगले पाहिजेत. हेर म्हणतात, तुमच्या जिवाला आमचा जीव. आम्ही तुझ्याशी हेसेद आणि एमेतने वागू. ती दोरीने त्यांना खिडकीतून खाली सोडते. खिडकीला किरमिजी दोरी बांधायची, हे ठरतं. पुढे शहर पडतं तेव्हा त्या दोरीच्या घरातली माणसं वाचतात.

बघा काय झालंय. 'दया आणि सत्य' म्हणून आपण ज्याचा सुविचार करतो, तीच शब्दांची जोडी बायबल एका अशा प्रसंगात वापरतं जिथे दया करणारीने नुकतीच थाप मारलीय. आणि गोष्ट सांगणारा तिला एका शब्दाने दोष देत नाही. पुढच्या धर्मपंडितांना या थापेने खूप छळलं. खोटं कधीच माफ नाही असं ठाम सांगणाऱ्या संत ऑगस्टीनलाही राहाबसाठी मखलाशी करावी लागली. तिच्या दयेला बक्षीस मिळालं, खोट्याला नाही, असं त्याचं म्हणणं. पण त्या गच्चीवर उभं राहून विचार करा. राहाबने 'खरं' बोलून दोन माणसं शिपायांच्या हवाली केली असती, तर ते एमेत झालं असतं का? हिब्रू शब्दाच्या कानाने ऐकलं तर नाही. घरात आलेल्या माणसाला दगा देणं, यालाच तर बेइमानी म्हणतात.

(पुरातत्त्वाचे विद्यार्थी आता हात वर करतील, म्हणून सांगून टाकते. १९५० च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी यरीहोत उत्खनन केलं आणि या गोष्टीच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचं मोठं शहर असल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यामुळे लढाई झाली का, यावर वाद आहे. आपल्याला इथे लढाई नकोय, शब्द कसा वापरलाय ते हवंय. त्यासाठी गोष्ट हाच पुरावा.)

आणि हो, वेढा घालणारे बाहेर, तटाच्या आत अडकलेली एक बाई आणि तिचं घरदार. हेरांना शहर पडल्यावर तो शब्द विसरता आला असता. कोण विचारणार होतं? साकेनफेल्ड म्हणतात ते हेच.

दुसरा प्रसंग शांत आहे, अंथरुणावरचा. उत्पत्तीच्या पुस्तकात म्हातारा याकोब इजिप्तमध्ये मरायला टेकलाय. मुलगा योसेफ तिथला मोठा अधिकारी. याकोब त्याला बोलावतो आणि म्हणतो, माझ्याशी हेसेद आणि एमेतने वाग, मला इजिप्तमध्ये पुरू नकोस. माझ्या बापजाद्यांच्या शेजारी नेऊन पूर. शपथ घ्यायला लावतो. हा तोच याकोब, ज्याने तरुणपणी आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लाटला होता, आणि ज्याला पुढे त्याच्याच मुलांनी रक्ताने माखवलेला अंगरखा दाखवून योसेफ मेला असं पटवलं होतं. फसवणं आणि फसणं, दोन्हींत मुरलेला माणूस. शेवटी मागतो काय, तर एमेत. आणि योसेफ जागतो. प्रेत घेऊन कनानपर्यंत जातो, मखपेलाच्या गुहेत ठेवून परत येतो.

अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावात राशी नावाचे मोठे भाष्यकार होऊन गेले. याकोबाच्या या वाक्यावर ते जुन्याच परंपरेला धरून फार साधं काहीतरी सांगतात. मेलेल्या माणसाशी केलेला हेसेद हाच एमेतचा हेसेद, कारण तो परतफेड करू शकत नाही. इथून ज्यू समाजात एक शब्दच तयार झाला, 'हेसेद शेल एमेत', खरीखुरी दया. प्रेताला अंघोळ घालणं, कफन घालणं, सोबत बसणं, पुरणं. हे काम करणारी स्वयंसेवकांची मंडळं जगभर आहेत, त्यांना 'हेव्रा कदिशा' म्हणतात. दाविदाची आणखी एक गोष्ट याच धाग्यातली. शौल राजा लढाईत मेला, शत्रूने त्याचं प्रेत भिंतीवर टांगलं, तेव्हा याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालत गेली आणि प्रेत खाली काढून आणलं. दावीद त्यांना निरोप पाठवतो तेव्हा त्यात हेसेदही आहे आणि एमेतही.

केतेफ हिन्नोमचा तो साठा आठवा. ९५ माणसांची हाडं एकत्र का होती? कारण तेव्हाची पद्धतच तशी. प्रेत आधी खडकातल्या ओट्यावर ठेवायचं, मग हाडं गोळा करून पूर्वजांच्या हाडांत मिसळायची. बापजाद्यांच्या शेजारी ने, या याकोबाच्या मागणीचा अर्थ अक्षरशः तो. आणि त्या हाडांत हेसेद लिहिलेला ताईत.

मग आपल्यापर्यंत येताना हे 'दया' आणि 'सत्य' असं तुटक का झालं? प्रवासात झालं. इसवी सनाच्या आधीच इजिप्तमधल्या ज्यूंनी नीतिसूत्रं ग्रीकमध्ये नेली. तिथे हेसेदसाठी जो शब्द पडला तो 'एलेमोसिनी', दयेची कामं. पुढे त्याचा अर्थ आकसत आकसत भिक्षा, दान एवढाच उरला. एमेतला मात्र ग्रीकांनी इथे 'पिस्तिस' म्हटलं, विश्वास. बरं जमलं होतं ते. मग चौथ्या-पाचव्या शतकात जेरोमने लॅटिनमध्ये 'मिसेरिकॉर्दिया' आणि 'वेरितास' लिहिलं आणि तिथून युरोपभर दया आणि सत्य ही जोडी रूढ झाली. इंग्रजीत १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेलला हे खुपलं असावं, त्याने हेसेदसाठी 'लव्हिंगकाइंडनेस' असा नवाच जोडशब्द घडवला. पण १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलने या ओळीत पुन्हा मर्सी आणि ट्रूथच ठेवलं.

सगळा दोष अनुवादकांवर टाकणं मात्र बरोबर नाही. खुद्द हिब्रूतही काळ गेला तसा एमेत 'सत्या'कडे सरकला. आणि मग ज्यू पंडितांनाही आपलाच प्रश्न पडला, मैत्रिणीच्या केसांचा! तालमूदमध्ये वाद आहे. लग्नात नवरीसमोर नाचताना काय गायचं? शम्मायच्या शाळेचं मत, नवरी जशी आहे तशी गा. हिल्लेलच्या शाळेचं मत, प्रत्येक नवरी सुंदर आणि गुणी आहे असंच गा. शम्मायवाले चिडतात. आणि ती लंगडी किंवा आंधळी असली तर? तोरा सांगते खोट्यापासून लांब राहा! हिल्लेलवाले उलट विचारतात, एखाद्याने बाजारातून वाईट वस्तू विकत आणली, तर आता त्याच्यासमोर ती नावाजायची की नावं ठेवायची? नावाजायचीच ना? निर्णय कुणाच्या बाजूने गेला हे मी सांगायला नको. लग्नाला गेलेल्या कुणालाही विचारा.

याच काळच्या आसपासची एक कथा तर नाटकच आहे. देव माणूस घडवायला निघतो आणि देवदूतांत दोन तट पडतात. हेसेद म्हणतो, घडव, हा दया करेल. एमेत म्हणतो, नको, हा सगळा खोटेपणाच आहे. देव काय करतो? एमेतला उचलतो आणि जमिनीवर आपटतो. देवदूत हबकतात, अरे, ही तर तुझी स्वतःची मोहोर! आणि मग म्हणतात, एमेत जमिनीतून उगवू दे. म्हणजे आकाशातून आयतं पडणारं सत्य माणसाला झेपणार नाही, ते मातीतून, हळूहळू वर यायला हवं. असा मी त्याचा अर्थ लावते, तुम्ही वेगळा लावू शकता.

आता रायगड. पेणहून अलिबागला जाताना पोयनाड लागतं. कितीदा गेला असाल, वडापाव खाल्ला असेल. तिथे बेने इस्राएल समाजाचं प्रार्थनास्थळ आहे. नाव काय माहितीये? हेसेद-एल. देवाचा हेसेद! हा समाज मराठी बोलणारा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली'. यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांची प्रेतं नवगावातच पुरली गेली. ते दफनस्थान आजही दाखवतात. म्हणजे या समाजाची स्वतःबद्दलची आठवण सुरू होते तीच मेलेल्यांना मूठमाती देण्यापासून. याला राशींनी काय म्हटलं असतं, ते आता तुम्हीच सांगू शकता.

आणि शेवटी केडगाव, दौंडच्या अलीकडचं. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई म्हटलं की आपल्याला विधवांची शाळा, शारदा सदन, आठवतं. पण आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्या एक वेगळं काम करत होत्या. अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. एकट्या. संस्कृतसाठी ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली, कारण आधीच्या मराठी बायबलची भाषा केडगावच्या बायकांना कळत नव्हती. या बायका कोण? त्यातल्या कित्येकजणी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, अक्षरशत्रू, कुणी टाकलेल्या, कुणी अनाथ. त्यांना समजेल असं लिहायचं. संस्कृत हा जिचा हातखंडा, तिने संस्कृत बाजूला ठेवायचं.

रमाबाईंना दुष्काळ माहीत होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. त्यांनी स्वतःच लिहिलंय, की आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर वाहिला. वय तेव्हा सोळाच्या आसपास.

हीच मुलगी पुढे चाळिशी उलटल्यावर याकोबाचं ते मागणं हिब्रूत वाचत होती आणि त्याला मराठी शब्द शोधत होती.

पुस्तक छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका, त्याच, ज्यांच्यासाठी ते लिहिलं जात होतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, तोवर अनुवाद हातावेगळा झाला होता. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

तर मंडळी, हेसेदला तुमच्या घरात, तुमच्या गावाकडच्या बोलीत कुठला शब्द आहे? माया, जिव्हाळा, माणुसकी, की आणखी काही? आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ते ऐकवेन. भेटूच.